‘नेपथ्यकार’ हा शब्द ऑपेरा आणि बॅलेसाठी चालेल का?

प्रश्न : नाटक, ऑपेरा आणि बॅले या तिन्हींसाठी काम केलेल्या एका युरोपीय स्टेज डिझायनर बाईंच्या कारकिर्दीवरील लेख मी मराठीत आणत आहे. ‘रंगमंच सजावटकार’ म्हणावे की ‘नेपथ्यकार’? कोशात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा असा अर्थ दिसतो, म्हणून अडलो आहे.

उत्तर : ‘नेपथ्यकार’ हाच शब्द निःशंकपणे वापरावा. आमच्या सांगलीत भावे नाट्यमंदिरात पडदा उघडताच सेटला टाळी पडली, तर ‘नेपथ्य कुणाचं आहे?’ असेच प्रेक्षक एकमेकांना विचारतात. नाटकाच्या जाहिरातीतही प्रकाशयोजना, संगीत आणि वेशभूषा यांच्या पंगतीला हाच शब्द असतो. ‘सजावट’ मात्र कटाक्षाने टाळावी, कारण सजावट मखराची होते. जिना कोठे उतरावा, दार कोणत्या बाजूला उघडावे आणि त्यापायी नटाला किती पावले चालावे लागेल, हे ठरवणारे काम त्या शब्दात मावत नाही.

आपल्याला कोशात सापडलेला अर्थ खराच आहे. हिंदीत आजही तोच मुख्य आहे. पण संस्कृतात नेपथ्य म्हणजे पात्राचा वेषही होता. ‘शाकुंतला’च्या प्रारंभी सूत्रधार नटीला, ‘नेपथ्यविधान’ आटोपले असेल तर इकडे ये, असे सांगतो. ‘मालविकाग्निमित्रा’त तर नृत्याची परीक्षा घेताना परिव्राजिका (संन्यासिनी) म्हणते की अंगाचे सौष्ठव नीट दिसावे म्हणून पात्रांनी ‘विगतनेपथ्य’, म्हणजे वेषाचा भार उतरवून, प्रवेश करावा. बॅलेसाठी पोशाख आखणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न असतो, म्हणून हा दाखला मला फार मोलाचा वाटतो.

मराठीत शब्दाचा आजचा अर्थ स्थिरावायला वेळ लागला. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ केले, त्यानंतरच्या काळात महाल, रस्ता, जंगल असे रंगवलेले पडदे आले आणि त्यांना ‘सीनसिनरी’ म्हणू लागले. ते रंगवणारा तो ‘पेंटर’; कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या नावाला हा शब्द कायमचा चिकटला. पुढे पडद्यांची जागा फ्लॅट, म्हणजे कापड ताणलेल्या लाकडी चौकटी, जोडून खोलीसारख्या उभ्या केलेल्या बॉक्स सेटने घेतली आणि ‘नेपथ्य’ हा शब्द या सगळ्या मांडणीसाठी रुळला.

प्रकार बदलला की कामाचे स्वरूप बदलते, हे आपल्या लेखात यावे असे वाटते. ऑपेरात गायक सहसा ध्वनिवर्धकाविना गातात आणि त्यांचा आवाज पुढ्यातील वाद्यवृंद ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा असतो. पाठीमागे भक्कम लाकडी भिंत असेल तर आवाज पुढे फेकला जातो, जाड कापडात तो जिरतो, शिवाय गाणाऱ्याला वाद्यवृंदाचा संचालक दिसत राहिला पाहिजे. बॅलेत मधली भुई मोकळीच हवी, त्यामुळे बहुतेक नेपथ्य मागचा पडदा, विंगा (दोन्ही बाजूंचे आडोसे) आणि वरच्या झालरी यांवर भागवावे लागते.

शंका : त्या बाईंनी पोशाखही केले आहेत. मग ‘नेपथ्य व वेशभूषाकार’ लिहावे का?

उत्तर : होय, श्रेयनामावलीत दोन्ही शब्द लिहावेत, कारण आज आपल्याकडे ही कामे सहसा वेगवेगळ्या व्यक्ती करतात. तिकडे मात्र दोन्ही एकाच हाती असण्याची परंपरा मोठी आहे. लेओन बाक्स्त या रशियन चित्रकाराने १९१० च्या ‘शेहेराझाद’ या बॅलेचे नेपथ्य आणि पोशाख दोन्ही केले. रशियन चित्रकार नताल्या गोंचारोवा यांनी १९१४ मध्ये पॅरिसला संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘सोनेरी कोंबडा’ या ऑपेरासाठी तेच केले. त्या प्रयोगात गायक दोन्ही बाजूंना बसवले होते आणि कथा नर्तक साकारत होते. लेखात मात्र एकदा दोन्ही शब्द देऊन पुढे नुसते ‘नेपथ्यकार’ पुरेल, आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप करू नये. ‘त्या नेपथ्यकार आहेत’ हे वाक्य मराठीत सहज चालते.