कपाल्डी निघाला, भांडण अजून अर्धंच झालंय

चिंचोका :
नाताळ पंधरा दिवसांवर आला. २५ डिसेंबर २०१७ ला 'डॉक्टर हू'चा खास भाग लागेल आणि तो संपता संपता पीटर कपाल्डी जाऊन त्याच्याच कपड्यांत जोडी व्हिटेकर उभी असेल. एकदा तो गेला की सगळे गोडच बोलणार, गेलेल्याला नावं ठेवायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून काय भांडायचं ते आत्ताच भांडून घेऊ.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बीबीसीची १९६३ पासूनची विज्ञानमालिका. १९८९ ला बंद पडली, २००५ ला पुन्हा उठून बसली. डॉक्टर म्हणवणारा एक परग्रहवासी टार्डिस नावाच्या निळ्या खोक्यातून काळात आणि अवकाशात भटकतो. मरायला टेकला की त्याचा चेहरा, देह, स्वभाव सगळं पालटतं. म्हणजे नट बदलतो. कपाल्डी बारावा. (मधेच एका खास भागात डॉक्टर झालेल्या जॉन हर्टला कितवा धरायचा यावर कृपया इथे सुरू होऊ नका.)

माझं म्हणणं सरळ आहे. इतका ताकदीचा नट हाताशी असून मालिकेने तो वाया घालवला. २०१४ चं अख्खं वर्ष 'मी चांगला माणूस आहे का' या एका प्रश्नात गेलं. २०१५ ला डॉक्टरच्या डोळ्यांवर गॉगल आणि हातात गिटार. २०१६ ला मालिकाच नाही, नाताळचा एक भाग सोडला तर. २०१७ ला बिल ही नवी सोबतीण आली, डॉक्टर विद्यापीठात मास्तर झाला, घडी बसली. आणि त्यातला पहिला भाग लागायच्याही आधी, ३० जानेवारीला, गड्याने रेडिओवर सांगून टाकलं की हे माझं शेवटचं वर्ष. तीन वर्षं वाटण वाटलं आणि फोडणी पडायच्या वेळी गॅस बंद. दोष मोफॅटचा, म्हणजे मालिकेच्या मुख्य लेखक-निर्मात्याचा.

स्लो लोकल :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नाठाळ :
साफ असहमत. तो प्रश्न म्हणजेच तर कपाल्डीचा डॉक्टर, चिंचोकाराव. आधीचा डॉक्टर मॅट स्मिथ पोरगेला, लाघवी. त्याच्या जागी पंचावन्न उलटलेला, खडूस, स्कॉटिश हेलाचा माणूस येतो, तर क्लाराला, म्हणजे डॉक्टरबरोबर हिंडणाऱ्या मुलीला, तो ओळखू येत नाही आणि आपल्यालाही येत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी जुना डॉक्टर क्लाराला फोन करून सांगतो ना, की हा मीच आहे, याला सांभाळून घे? तो फोन तुमच्यासाठी होता. तुम्ही उचलला नाहीत.

याला मिठी मारलेली आवडत नाही. मिठी म्हणजे तोंड लपवायची सोय, असं त्याचं मत. त्याला उत्तरही त्याच वर्षी मिळतं: आपण चांगलेही नाही आणि वाईटही नाही, खोकं घेऊन हिंडणारे येडे आहोत. आता यंदाचा १ जुलैचा भाग आठवा. सायबरमनांची, म्हणजे माणसांचे केलेल्या यंत्रमानवांची, फौज चालून येतेय, जिंकायची शक्यता शून्य, आणि हा आपला जुना वैरी मास्टर याच्या दोन्ही रूपांपुढे उभा राहून सांगतो की मी हे जिंकायला करत नाही, कोणाला हरवायला करत नाही, करणं योग्य आहे म्हणून करतो, मुख्य म्हणजे माया आहे म्हणून. २०१४ चा तुसडेपणा नसता तर हे बोलणं गुळचट लागलं असतं. आधी मिरची खाल्लीय म्हणून गूळ गोड लागतो.

शेवग्याची शेंग :
मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे माझं दुखणं वेगळं आहे. चंद्र हे अंडं निघतं तो भाग! ऑक्टोबर २०१४. आता अंडं उबताना आतलं पिल्लू वाढतं ते अंड्यातलाच बलक खाऊन. बाहेरून काही आत गेलं नाही तर अंड्याचं वजन वाढणार कुठून? पण इथे चंद्राचं वस्तुमान वाढलंय, म्हणून पृथ्वीवर भरतीने हाहाकार. बरं, तेही सोडा. अंडं फुटतं, पिल्लू पंख पसरून निघतं आणि निघाल्या निघाल्या तेवढंच दुसरं अंडं घालतं. अहो, कोंबडीसुद्धा पाचसहा महिने थांबते!

चिंचोका :
शेंगताई, तुम्ही माझ्या बाजूच्या. घ्या चहा.

नाठाळ :
ताई, तो भाग लिहिणारा पीटर हार्नेस. आणि पुढच्या वर्षीच्या झायगॉन या रूप बदलणाऱ्या परग्रहवासीयांच्या प्रकरणातलं ते भाषण? युद्ध सुरू करणाऱ्यांना शेवटी त्याच टेबलाशी येऊन बसावंच लागतं, मग आधीच का बसत नाही, असं कपाल्डी घसा फोडून विचारतो ते? त्या भागावरही हार्नेसचंच नाव आहे, मोफॅटबरोबर. एका हाताने चंद्र फोडला, दुसऱ्या हाताने ते दिलं. हिशोब चुकता.

शेवग्याची शेंग :
हिशोब चुकता होत नाही. चंद्र चंद्रच. भाषण मात्र मी तीनदा पाहिलंय, हे कबूल.

माजघर :
मी एरवी वाचनमात्र असते. पण कपाल्डी वाया गेला असं कोणी म्हणालं की गप्प बसवत नाही. २८ नोव्हेंबर २०१५ चा भाग, जवळजवळ तासभर एकटा माणूस पडद्यावर. किल्ला, भोवती समुद्र, आणि मागे लागलेलं एक झिरमिऱ्यांतलं भूत. ते धावत नाही. सावकाश पावलं टाकत येतं आणि त्याच्या आधी माश्यांचा गुणगुणाट येतो. आमच्याकडे आजी गेली तेव्हा घरात तसाच आवाज होता, असो.

त्यात बाहेर जायची वाट एका भिंतीने अडवलेली. वीस फूट जाड आणि हिऱ्याच्या चारशे पट कठीण. डॉक्टर तिच्यावर बुक्का मारतो. एक. दोन. तेवढ्यात भूत येऊन त्याला जाळतं. तो दीड दिवस सरपटत मनोऱ्यावर परत जातो आणि उरलासुरला जीव यंत्रात घालून स्वतःची ताजी प्रत काढतो. त्या प्रतीला काहीच आठवत नाही. ती पहिल्यापासून सगळं करत पुन्हा त्याच भिंतीपाशी येते. समुद्राच्या तळाशी कवट्यांचा खच पडलाय, सगळ्या त्याच्याच. हे चालतं साडेचार अब्ज वर्षं.

आता गंमत बघा. सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सांगतात त्यात 'श्वेतवाराहकल्पे' येतं, आपण हातावर पाणी सोडून मोकळे होतो. एक कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. डॉक्टरने बुक्के मारले ४५० कोटी वर्षं. म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस मावळला आणि हा अजून भिंतीपाशीच. मी तेव्हा रात्री दीडला एकटीच हसत बसले होते. मोफॅटला कल्पबिल्प माहीत असेल असं अजिबात वाटत नाही, पण जुळलंय खरं.

आणि हे सगळं त्या नटाच्या चेहऱ्यावर चालतं. प्रत्येक फेरीला भिंतीपाशी आल्यावर आठवण परत येते तो क्षण तो वेगळा करतो. एकदा चिडतो. एकदा लहान मुलासारखा म्हणतो की मला हरून का नाही चालत. याला वाया घालवणं म्हणत असाल तर सगळ्यांनाच असं वाया घालवा.

नाठाळ :
माजघर +१. उभं राहून.

चिंचोका :
तो भाग मीही मानतो हो. पण एका भागावर तीन वर्षं तारून नेता येतात का? त्या भागाचीच पुढची कडी आठवा. इतकं सगळं भोगून हा स्वतःच्या ग्रहावर पोहोचतो आणि तिथे काय करतो, तर मेलेल्या क्लाराला परत आणतो. मरण आलंय तर येऊ द्या की! मोफॅटला कोणाला मारवतच नाही. डाळ शिजली तरी कुकरच्या शिट्ट्या चालूच.

शेवग्याची शेंग :
यावर चिंचोका बरोबर. पण यंदाचं ते कृष्णविवराजवळचं जहाज मी वर्गात सांगितलं हो. चारशे मैल लांब जहाज, एक टोक विवराच्या जवळ, दुसरं लांब. गुरुत्व जिथे जास्त तिथे घड्याळ हळू. वरच्या टोकाला डॉक्टर मिनिटभर काहीतरी समजावतोय, तळाशी बिल वर्षानुवर्षं त्याची वाट बघतेय. तळाच्या इस्पितळात ती आणि तिथला रेझर नावाचा माणूस पडद्यावर वरचं चित्र बघत बसतात आणि डॉक्टरची एक भुवई उचलली जायला त्यांचा आठवडा जातो. पोरांना सूत्र लिहून दिलं होतं तेव्हा निम्मी जांभया देत होती. भुवई सांगितल्यावर एकजण म्हणाला, मॅडम, मग विवराजवळ बसून अभ्यास केला तर परीक्षा लवकर येईल की उशिरा? अख्खा तास त्यातच गेला. पण तास सार्थकी लागला.

(बरोबर उत्तर: त्याच्यासाठी लवकर. म्हणून कोणी बसायला तयार होईना.)

स्लो लोकल :
सगळं ठीक, पण पुढे बाई डॉक्टर? इथेच आपला स्टॉप आला, उतरतो.

माजघर :
का हो? उतरायचं कारण तरी सांगा.

स्लो लोकल :
कारण ५४ वर्षं तो पुरुष आहे. उद्या शेरलॉक होम्सची शारदा होम्स करतील. व्हिटेकर वाईट नटी नाही, पण बदलासाठी बदल आहे हा. विम्बल्डनचा अंतिम सामना संपला की लगेच नाव जाहीर, म्हणजे गाजावाजाच जास्त.

नाठाळ :
होम्स देह बदलत नाही, डॉक्टर बदलतो. १९६६ पासून तोच तर खेळ आहे. शिवाय हे काही रातोरात झालेलं नाही. मास्टरची मिसी २०१४ लाच झाली आणि मिशेल गोमेझने ती अशी रंगवली की तुम्हीच मागे इथे तिच्यावर फिदा होतात, शोधून काढू का प्रतिसाद? २०१५ च्या शेवटी तर एक गोरा म्हातारा सेनापती पडद्यावर पालटून काळी बाई झाला. रूळ तीन वर्षं टाकत होते, तुम्हाला गाडी आत्ता दिसली.

स्लो लोकल :
मिसी खलनायिका होती. खलनायिका चालते.

माजघर :
वा. म्हणजे बाईने जग बुडवायला हरकत नाही, वाचवलं तर अडचण.

स्लो लोकल :
तसं नव्हतं म्हणायचं.
बरं, थोडं तसंच म्हणालो. विचार करतो.

कार्डिफचा कावळा :
उशिरा आलो. मी नोकरीनिमित्त खरंच कार्डिफला असतो, मालिकेचा स्टुडिओ इथेच खाडीवर आहे. शेजारी मालिकेचं प्रदर्शन होतं, ते यंदा सप्टेंबरात कायमचं बंद झालं. बंद व्हायच्या आधी पोराला घेऊन गेलो होतो. सगळ्या डॉक्टरांचे पोशाख ओळीने उभे. पोरगं कपाल्डीच्या निळ्या कोटापुढे थांबलं, वाकून आतलं लाल अस्तर बघितलं आणि म्हणालं, बाबा, याला खिसे किती असतील? वय सहा. त्याला स्मिथ माहीत नाही, टेनंट माहीत नाही. त्याच्या लेखी डॉक्टर म्हणजे हे आजोबा. जुलैत त्या भागात डॉक्टर पडला तेव्हा बोळ्यासारखा गोळा होऊन सोफ्यात शिरला.

चिंचोकाराव, माझा मुद्दा एवढाच. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल १९६६ ला आजारामुळे थकला म्हणून ही बदलाची युक्ती निघाली. आपल्याकडच्या मालिकांत तळाला पट्टी येते, 'यापुढे ही भूमिका अमुक साकारतील', आणि सून दुसऱ्या दिवशी वेगळ्या तोंडाने चहा आणते. घरातल्या कोणाला काही कळत नाही. यांनी ती पट्टीच गोष्टीत ओढून घेतली. म्हणून जाणाऱ्याचं दुःख इथे पात्रालाही होतं. आत्ताही कपाल्डी पालटायलाच नकार देतोय, आणि बर्फात त्याला भेटलाय तो पहिला डॉक्टर, तोही अडून बसलेला. दोन हट्टी म्हातारे. (डेव्हिड ब्रॅडली करतोय. २०१३ च्या नाट्यपटात त्यानेच हार्टनेल केला होता.)

अवांतर: १९६३ ची पहिली कथा दिग्दर्शित करणारा वारिस हुसेन आपल्या लखनौत जन्मलेला. हे इथे फार कोणी सांगत नाही.

आणि कपाल्डी स्वतः लहानपणापासूनचा चाहता. शाळकरी असताना त्याने 'रेडिओ टाइम्स'ला मालिकेबद्दल पत्र पाठवलं होतं, १९७४ ला ते छापून आलं. तेव्हा तो वाया गेला की नाही ते त्यालाच विचारा. ते पत्र लिहिणाऱ्या पोराला तीन वर्षं मिळाली, गिटारसकट.

चिंचोका :
कावळेबुवा, पोराला मधे आणायचं नव्हतं. हे डाव नाही, रडी आहे.

तरी सांगतो, २०१६ रिकामं गेलं याला कोणाकडेही उत्तर नाही, आणि क्लाराला परत आणलं यालाही नाही. पण तरुणपणी तो क्रेग फर्ग्युसनबरोबर पंक बँडमध्ये होता हे मला काल कळलं. तेव्हा गिटारवरचा आरोप मागे घेतो.

गॉगलवरचा नाही.