पिठीसाखरेच्या ग्राइंडिंग रूमसाठी दिवे-मोटर कुठल्या घ्यायच्या? (मदत हवी आहे)

मेन्टेनन्सवाला:
नमस्कार मंडळी. एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, बेकरीवाल्यांना पिठीसाखर दळून देतो. ग्राइंडिंगची खोली वाढवतोय, त्यामुळे वायरिंग, दिवे, पल्व्हरायझरची (साखर दळायच्या मिलची) मोटर, एक्झॉस्ट सगळं नव्याने घ्यायचंय. विम्याचा सर्व्हेअर "धुळीच्या स्फोटाचा धोका, योग्य उपकरणे बसवावीत" असा शेरा मारून गेला. योग्य म्हणजे कुठली, ते त्याने लिहिलं नाही.

दोन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात "फ्लेमप्रूफ, गॅस ग्रुप टू-ए/टू-बी, टी-६" असे जाडजूड ओतीव दिवे. दुसऱ्यात "एक्स टीबी, थ्री-बी, टी ९५ अंश, डीबी", दिसायला साधेच, आणि दर जास्त. मालक म्हणतात, पहिलेच घे, वजनाला भारी आहेत. पहिल्या व्हेंडरने नमुना पाठवलाय. त्याला केबलसाठी दोन भोकं आहेत, एकात पिवळं प्लास्टिकचं बूच. तेही फ्लेमप्रूफच असतं म्हणे!

मला कळायला हवंय की यातलं धुळीला कुठलं चालतं. मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावायचाय, तो चालेल का? आणि सफाईला साधा इंडस्ट्रियल व्हॅक्यूम घेतला तर?

तारखांब:
मालकांना सांगा, वजन बघून घ्यायला हे वरवंटे नाहीत. गॅसचा फ्लेमप्रूफ दिवा वेगळ्या तत्त्वावर चालतो. गॅस आत शिरणार हे गृहीतच धरलेलं असतं. आत भडका उडाला तरी पेटी फुटत नाही, आणि झाकणाच्या फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाळा थंड होते. धुळीच्या उपकरणात उलट, धूळ आत जाऊच द्यायची नाही आणि बाहेरचा पृष्ठभाग तापू द्यायचा नाही. 'टीबी'तला 'टी' म्हणजे तेच, आणि 'टी ९५' म्हणजे पृष्ठभाग ९५ अंशांच्या वर तापत नाही. थ्री-बी हा वीज न वाहणाऱ्या धुळीचा ग्रुप, साखर त्यात येते. धातूची पूड असती तर थ्री-सी लागला असता. म्हणून तुमच्या खोलीला दुसरं कोटेशन. काही दिव्यांच्या प्लेटवर गॅस आणि धूळ दोन्हींचं मार्किंग असतं, तसा मिळाला तर तोही चालतो. नुसतं टू-बी बघून घेऊ नका.

पिवळं बूच वाहतुकीत कचरा जाऊ नये म्हणून असतं. ते काढून त्या जागी सर्टिफाइड धातूचा स्टॉपिंग प्लग बसवायचा. ग्लँडही (केबल आत शिरते तिथली घट्ट पकड) सर्टिफाइडच घ्या, आणि केबलच्या जाडीला बसणारी. सैल ग्लँडमधून साखर आत जाते, मग महागड्या दिव्याचा उपयोग काय?

सेफ्टी_सांगली:
खरेदीच्या आधी झोन ठरवा, कोटेशनं नंतर. जिथे धुळीचा ढग कायम किंवा बराच वेळ असतो (मिलच्या आत, सायलोत म्हणजे साठवणीच्या उंच कोठ्यात, धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या मळक्या बाजूला) तो झोन २०. नेहमीच्या कामात अधूनमधून ढग उठतो, जसं पोती भरण्याच्या तोंडाशी, तो २१. एरवी उठत नाही, चुकून उठलाच तर थोडा वेळ, तो २२. २१ ला डीबी दर्जाचं उपकरण लागतं, २२ ला डीसी पुरतं. बंदिस्त यंत्रणा आणि नेटकी सफाई असेल तर खोलीचा बराच भाग २२ मध्ये बसू शकतो, पैसे तिथे वाचतात. पण हे कागदावर, नकाशासकट, जाणकाराकडून करून घ्या. आयएस/आयईसी ६००७९ या मानकांच्या मालिकेत धुळीच्या झोनचा वेगळा भाग आहे.

तापमानाचा हिशेब असा. धुळीचा ढग ज्या तापमानाला पेटतो त्याच्या दोन-तृतीयांशाच्या वर पृष्ठभाग जाता कामा नये. शिवाय पाच मिलिमीटरचा थर ज्या तापमानाला पेटतो त्यातून ७५ अंश वजा करायचे. दोन्हींत जो आकडा कमी, ती मर्यादा. समजा ढग ३६० ला आणि थर ३०० ला पेटतो, तर २४० आणि २२५, म्हणून २२५. थर जाड झाला की हा हिशेब लागू होत नाही. तुमच्या साखरेचे खरे आकडे धुळीची चाचणी करून मिळतील.

आणि फक्त विजेच्या मागे लागू नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थला इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला स्फोट झाला, १४ माणसं गेली. तिथे सायलोखालच्या कन्व्हेयरला आदल्या वर्षी स्टीलच्या पत्र्यांनी झाकलं होतं. आत धूळ कोंडली. तपासात तापलेल्या बेअरिंगवर संशय गेला. पहिल्या धमाक्याने तुळयांवर, मजल्यांवर साचलेली साखर उडवली आणि पुढचे स्फोट तिने केले. तुमच्या मिलच्या तोंडाशी लोखंडाचे तुकडे पकडायला मॅग्नेट आहे का? बेअरिंगचं तापमान कोण बघतं?

मेन्टेनन्सवाला:
मॅग्नेट आहे. बेअरिंग हात लावून बघतो.

तारखांब:
हात नको, सेन्सर लावा, आणि तोही त्या झोनला चालणारा.

व्हीएफडी खोलीबाहेर पॅनेलमध्ये ठेवा. मोटर मात्र व्हीएफडीवर चालवायला सर्टिफाइड आहे का, ते सर्टिफिकेटमध्ये वाचा. वेग कमी केला की मोटरचा पंखाही मंदावतो आणि अंग तापतं. थर्मिस्टर (तापमान ओळखणारा सेन्सर) घालून ट्रिप जोडून घ्या, म्हणजे तापली की मोटर बंद पडेल. सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी इंग्रजी 'X' अक्षर असेल तर वापराच्या खास अटी आहेत असं समजा आणि त्या मागून घ्या. व्हेंडर हे आपणहून सांगत नाहीत.

जुना_फिटर:
माझं मत, खोलीत कमीत कमी सामान ठेवा. आमच्याकडे दिवे भिंतीबाहेर आहेत, सीलबंद काचेतून उजेड आत येतो. स्विच, सॉकेट, पॅनेल सगळं बाहेर. जे आत नाही त्याचं सर्टिफिकेट कशाला शोधायचं?

साधा व्हॅक्यूम अजिबात नको, त्याच्या मोटरच्या कार्बन ब्रशमध्ये ठिणग्या उडतात. धुळीच्या झोनसाठीचा घ्या, होजही स्थिर वीज वाहून नेणारी हवी, अर्थिंगसह. कॉम्प्रेसरच्या हवेने झाडायची सवय असेल तर ती आजच बंद करा, तुळईवरची साखर हवेत उडवणं म्हणजे ढग आपणच तयार करणं. पावसाळ्यात साखर ओल धरते म्हणून लोक निर्धास्त असतात, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत स्थिर विजेचे चटके बसायला लागले की कळतं. मिल, डक्ट, हॉपर, सगळ्यांना बाँडिंग करा, म्हणजे तारेने एकमेकांना जोडून अर्थ करा. फ्लँजच्या (जोडाच्या) रबरी गॅस्केटवरून जंपर, म्हणजे जोडतार, विसरू नका.

सेफ्टी_सांगली:
+१. एक्झॉस्ट म्हणजे भिंतीतला पंखा समजत असाल तर तेही नको. धूळ जिथे उठते तिथेच खेचून बॅग फिल्टरला न्या. फिल्टर शक्यतो इमारतीबाहेर, एक्स्प्लोजन व्हेंटसह (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं झाकण), व्हेंटचं तोंड माणसांच्या वाटेवर नको. आणि मालकांना १९४८ च्या जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ३७ दाखवा (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). बंदिस्त यंत्र, धूळ साचू न देणं, ठिणगी दूर ठेवणं, तिन्ही त्यात होत्या.

मेन्टेनन्सवाला:
आभार सगळ्यांचे. पहिलं कोटेशन बाजूला ठेवतो, आधी झोनचा नकाशा करून घेतो. दिवे बाहेर ठेवायची कल्पना मालकांना नक्की पटेल, खर्च कमी आहे ना! एक राहिलं, पोती भरायच्या जागी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, तो बाहेर नेता येत नाही. त्याचं काय करता तुम्ही लोक?

जुना_फिटर:
डिस्प्लेचा डबा भिंतीपलीकडे, काचेतून वाचायचा. आत फक्त प्लॅटफॉर्म आणि लोड सेल (वजन मोजणारा सेन्सर). लोड सेल त्या झोनला सर्टिफाइड घ्या, आंतरिक सुरक्षित (ठिणगी पडणार नाही इतक्या कमी विजेवर चालणारा) असेल तर ती वीज मर्यादित ठेवणारा बॅरियर बाहेरच्या डब्यात. बॅटरीवर चालणारा चार्जिंगचा काटा आत नेऊ देऊ नका, आणि पोती भरणाऱ्या पोरांचे मोबाइलही दाराबाहेर.