ट्रॅमाडॉलचं क्यूसी १२ टक्के कमी येतंय, घोळ कुठं आहे?

लॅबवाला_लातूर
नमस्कार मंडळी. एलसी-एमएस/एमएसवर (औषधं वेगळी करून रेणूंच्या वजनावरून ओळखणारं यंत्र) रक्तातलं ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) आणि अल्प्राझोलम (चिंतेवरचं औषध) मोजतो. कॅलिब्रेटर (ज्यांच्याशी ताडून मोजतो ती ठरावीक मात्रेची द्रावणं) सर्टिफाइड ॲम्प्यूलमधून (१ मिग्रॅ/मिली, मिथेनॉलमध्ये), क्यूसी (मोजणी बरोबर येते का ते पाहायचा, मात्रा माहीत असलेला नमुना) दुसऱ्या कंपनीच्या पावडरपासून. अल्प्राझोलम बरोबर बसतं. ट्रॅमाडॉल मात्र दर रनला अपेक्षेच्या ८७-८९ टक्के. ड्यूटेरेटेड इंटरनल स्टँडर्डचा (प्रत्येक नमुन्यात सारखंच टाकलेलं, जड हायड्रोजनचं तेच औषध) एरिया स्थिर आहे, कॉलम बदलूनही फरक नाही.

विषशास्त्र_नांदेड
कॉलमचा काय दोष! पावडरच्या बाटलीवर ‘हायड्रोक्लोराइड’ लिहिलंय का ते आधी बघा. ॲम्प्यूलच्या सर्टिफिकेटवर आकडा बहुतेक वेळा फ्री बेसचा, म्हणजे क्षाराचा भाग सोडून नुसत्या औषधाचा असतो. रेणुभार बघा: ट्रॅमाडॉल बेस २६३.४, हायड्रोक्लोराइड २९९.८, भागाकार ०.८७८. तुमचे ८८ टक्के तिथूनच आले. अल्प्राझोलमची पावडर क्षार नसते, म्हणून ते सुटलं. इंटरनल स्टँडर्ड सगळ्यांत सारखंच पडतं, त्यामुळे ही चूक ते पकडूच शकत नाही.

१० मिग्रॅ बेस हवा तर ११.३८ मिग्रॅ हायड्रोक्लोराइड घ्या. शुद्धता ९९.५ टक्के असेल तर ११.४४. आणि पाच दशांशांचा काटा वापरा, ०.१ मिग्रॅच्या काट्यावर १० मिग्रॅला नुसत्या वाचनातच १ टक्का जातो. मॉर्फिन सल्फेट पेंटाहायड्रेटला गुणक ०.७५ आहे, तिथं तर चौथा हिस्सा उडतो.

क्यूए_परभणी
हे बरोबरच, पण ॲम्प्यूलही तपासा. फ्रीझरमधून काढून लगेच फोडता का? मिथेनॉल दर अंशाला साधारण ०.१२ टक्के प्रसरण पावतं. उणे २० वर ओढलेल्या १०० मायक्रोलिटरमध्ये २५ अंशांच्या मानानं पाचेक टक्के जास्त औषध येतं, कॅलिब्रेटर जड होतो आणि क्यूसी तेवढं कमी दिसतं. आपल्याकडं मे महिन्यात लाईट गेली, एसी बंद पडला, की उलटा प्रकार होतो. ॲम्प्यूल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, हलवा, मानेतला थेंब खाली पाडा, मग फोडा.

आणि अख्खं ॲम्प्यूल ‘१ मिली’ समजून फ्लास्कमध्ये ओतू नका, त्यात भर जास्तच असते. सिरिंजनं मोजून घ्या. उरलेलं टेफ्लॉन लायनरच्या गडद व्हायलमध्ये ठेवून वजन लिहा. १ मिलीमागं ८ मिग्रॅ घटलं, की साधारण १ टक्का मिथेनॉल उडालं समजा.

लॅबवाला_लातूर
बाटलीवर हायड्रोक्लोराइडच आहे! पुढचा प्रश्न: कपाशीचा भाग, त्यामुळे मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचे नमुनेही येतात. तोही मिथेनॉलमध्येच करू?

विषशास्त्र_नांदेड
नको. मोनोक्रोटोफॉस मिथेनॉलसारख्या हलक्या अल्कोहोलमध्ये टिकत नाही. ॲसिटोन किंवा ॲसिटोनायट्राइल घ्या. कोकेन आणि हेरॉइनच्या ॲम्प्यूलही त्यासाठीच ॲसिटोनायट्राइलमध्ये येतात. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तेव्हा नवीन वजन रजिस्टरला त्याच दिवशी चढवा, आणि जुन्या क्यूसीचा उरलेला स्टॉक लेबल बदलून वापरायच्या फंदात पडू नका.