'उत्परिवर्तनं दुरुस्त करणारी विकरं' हा प्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न : जिवाणूंवरचा एक लेख तपासते आहे. त्यात 'ऑक्सिडीकरणाने झालेली उत्परिवर्तनं दुरुस्त करणारी विकरं' असं लिहिलंय (उत्परिवर्तन म्हणजे डीएनएतला कायमचा बदल, विकर म्हणजे एन्झाइम). शब्द सगळे पाठ्यपुस्तकातलेच, पण वाक्य खटकतंय.

प्रतिसाद : खटकायलाच हवं. ऑक्सिडीकरणाने आधी होते ती हानी, उत्परिवर्तन नंतरचं. डीएनएची साखळी ग्वानिन (जी), सायटोसिन (सी), अ‍ॅडेनिन (ए) आणि थायमिन (टी) या चार घटकांची असते. त्यातल्या ग्वानिनला ऑक्सिजन जडला की त्याचं ८-ऑक्सोग्वानिन होतं. एरवी ग्वानिनसमोर सायटोसिन बसतं, पण हे बिघडलेलं ग्वानिन प्रतिकृती होताना अ‍ॅडेनिनशीही जुळतं. पुढच्या प्रतिकृतीत त्या अ‍ॅडेनिनसमोर थायमिन येतं आणि जी-सी जोडीच्या जागी टी-ए जोडी कायमची बसते. हे झालं उत्परिवर्तन. आता दोन्ही बाजू धडधाकट, जोडीही नियमातली. मग विकराने ओळखायचं काय? म्हणून विकरं दुरुस्त करतात ती हानी, आणि टाळतात ते उत्परिवर्तन.

आणखी एक : सहमत. पण 'दुरुस्ती' हा शब्दही सरसकट नको. ई. कोलाय या जिवाणूमध्ये या कामाला तीन विकरं आहेत. म्युट-टी सुट्या न्यूक्लिओटाइडांमधलंच (साखळीच्या कच्च्या मालातलंच) बिघडलेलं ग्वानिन निकामी करतं, ते साखळीत शिरायच्या आधीच. हा प्रतिबंध झाला. म्युट-एम सायटोसिनसमोरचं ८-ऑक्सोग्वानिन कापून काढतं, मग दुसरी विकरं ती जागा भरून सांधतात. ही खरी दुरुस्ती. म्युट-वायची गोष्ट मात्र वेगळीच! ते बिघडलेल्या ग्वानिनला हात लावत नाही, समोरचं निरोगी अ‍ॅडेनिन काढतं. त्या जागी सायटोसिन बसलं की म्युट-एमला पुन्हा संधी मिळते. बिघडलेलं ग्वानिन आधी काढलं असतं, तर अ‍ॅडेनिनसमोर थायमिन भरलं जाऊन चूक कायम झाली असती. मला तर या तिघांत म्युट-वायचंच सर्वांत कौतुक वाटतं.

प्रश्नकर्ती : मग नावात 'म्युट' (म्युटेशन, म्हणजे उत्परिवर्तन) कसं? ही तर उत्परिवर्तन रोखतात.

पहिला प्रतिसादक : जनुक निकामी झालं की जिवाणूत उत्परिवर्तनं वाढतात, त्यावरून ते नाव पडलं. माणसातही म्युट-वायचा भाईबंद आहे. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर मोठ्या आतड्यात पॉलिप (गाठीसारखे फुगवटे) होतात आणि कर्करोगाचा धोका वाढतो. हा संबंध २००२ मध्ये उघड झाला.

प्रश्नकर्ती : असं केलंय : 'ऑक्सिडीकरणाने झालेली हानी वेळीच हेरून उत्परिवर्तन टाळणारी विकरं.' म्युट-टीसाठी 'प्रतिबंधक' असं वेगळं वाक्य घालते.