जपान गर्तेखालची प्लेट: नाभींच्या गर्दीतून तिचा माथा कसा शोधायचा?

नतिलंब
ईशान्य जपानखाली, जपान गर्तेपासून (समुद्रतळावरच्या खोल खंदकापासून) शिरणाऱ्या पॅसिफिक प्लेटचा आकार, मुख्यतः तिचा माथा म्हणजे वरचा पृष्ठभाग, भूकंपनाभींवरून (भूकंप जमिनीखाली जिथे सुरू होतो त्या जागांवरून) काढायचा आहे. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) सूचीतून ३६ ते ४१ उत्तर, १३९ ते १४५ पूर्व एवढ्या चौकटीतले, १९९० पासूनचे ४.५ आणि त्याहून मोठे भूकंप घेतलेत. ३९ अक्षांशावर पूर्व-पश्चिम छेद घेऊन आडव्या अक्षावर रेखांश आणि उभ्या अक्षावर खोली किलोमीटरमध्ये मांडली. प्लेट उतरताना दिसते, पण तीन ठिकाणी गाडी अडते.

१० आणि ३३-३५ किमीवर बिंदूंच्या सरळ आडव्या ओळी येतात. जपानच्या हवामान संस्थेची, जेएमएची सूची वापरली की ७० ते १५० किमीच्या दरम्यान एकाऐवजी दोन समांतर पट्टे दिसतात. आणि सगळ्या बिंदूंमधून वक्ररेषा बसवली तर ती गर्तेपाशी ४० किमी खोल निघते, जे शक्यच नाही. यातली प्लेट नेमकी कोणती धरायची?

पीपी_वाचक
आडव्या ओळी आधी काढून टाका, त्या निसर्गातल्या नाहीत. नोंदींवरून खोली ठरत नसेल तर सूची बनवणारे ती एका ठरावीक आकड्यावर धरून ठेवतात आणि फक्त अक्षांश, रेखांश व वेळ काढतात. नेमके १०, ३३ किंवा ३५ असलेले बिंदू बाजूला ठेवा. खोलीच्या त्रुटीच्या रकान्यावर विसंबू नका. खोली धरून ठेवली असली तरी तिथे छोटासा, विश्वासार्ह वाटणारा आकडा असू शकतो.

गर्तेजवळ खोली का बिघडते तेही समजून घ्या. जमिनीवरची सगळी भूकंपमापन केंद्रं पश्चिमेला, भूकंप पूर्वेला समुद्रात. एकाच बाजूने पाहिल्यावर भूकंप खोल नेला आणि त्याची वेळ थोडी सरकवली, तरी पी लहरींच्या (सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरींच्या) पोचवेळा जवळपास तशाच जुळतात. म्हणून भूकंपाभोवती एकही केंद्र नसलेली दिशांमधली सर्वांत मोठी पोकळी १८० अंशांपेक्षा जास्त असेल, किंवा जवळचं केंद्र खोलीच्या दीडपटीहून दूर असेल, तर त्या खोलीवर भरवसा नको. २०१६-१७ पासून एस-नेट या जपानी जाळ्याची १५० केंद्रं समुद्रतळावरच आहेत. त्यामुळे त्या भागासाठी नंतरच्या नोंदींना जास्त वजन द्या.

जागतिक सूचीच हवी असेल तर आयएससी-ईएचबी ही खोल्या पुन्हा तपासून बनवलेली सूची घ्या. तिच्यात नाभीवरून वर जाऊन पृष्ठभागावरून परतलेली पीपी (pP) लहरही वापरतात. ६० अंश अंतरावर, १०० किमी खोल भूकंपाची ही लहर पी नंतर साधारण २५ सेकंदांनी येते आणि खोली बदलली की हा फरक लगेच बदलतो. गर्तेवर मात्र सांभाळा. वर ५ किमी पाणी असेल तर समुद्राच्या पृष्ठभागावरून परतलेली लहर तळावरून परतलेल्या लहरीच्या मागून ६-७ सेकंदांनी येते. ती पीपी समजून वाचली की भूकंप जवळजवळ २५ किमी जास्त खोल बसतो.

छेदकार
दोन पट्टे खरे आहेत, ती सूचीची चूक नाही. तोहोकूखालचा (ईशान्य जपानखालचा) हा दुहेरी पट्टा हासेगावा आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवला. दोन्हींमध्ये ३० ते ४० किमी अंतर आहे. दोन्ही एकाच प्लेटच्या पोटात आहेत. वरचा पट्टा बहुतांशी सागरी कवचात, म्हणजे माथ्याखाली जेमतेम ७ किमीच्या थरात. खालचा प्लेटच्या प्रावरणाच्या भागात. दोन्ही मिळून सरासरी घेतली तर रेषा मधल्या मोकळ्या जागेतून जाईल, जिथे भूकंप होतच नाहीत. माथा हवा असेल तर फक्त वरचा पट्टा घ्या.

आता तुमचा आडवा अक्ष. ३९ अक्षांशावर १ अंश रेखांश म्हणजे सुमारे ८६.५ किमी. अंश आणि किलोमीटर एकाच आलेखात टाकून मोजलेली नती (प्लेटच्या उताराचा कोन) निरर्थक आहे. जीएमटी या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट आज्ञेने अंतर किमीमध्ये काढा, शून्य गर्तेवर ठेवा, दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा. छेद गर्तेला काटकोनात हवा. प्लेट सरकते त्या दिशेत नाही आणि सोयीच्या पूर्व-पश्चिम रेषेवरही नाही. ३८ अक्षांशाच्या दक्षिणेला गर्ता नैऋत्येकडे वळते, तिथे हा फरक जाणवतो. खरी नती ३० अंश असताना छेद ३० अंशांनी तिरका गेला, तर छेदात ती साडेसव्वीसच दिसते. पट्टीची रुंदी दोन्ही बाजूंना २५-३० किमी पुरे; जास्त घेतली की गर्तेचं वळणच जाडी म्हणून दिसू लागतं.

बीचबॉल
गर्तेपाशी ४० किमी येण्याचं उरलेलं कारण: प्लेटच्या माथ्यावर न झालेले भूकंपही तुम्ही त्यात घेतले आहेत. २०११ च्या ११ मार्चच्या महाभूकंपानंतरचे आफ्टरशॉक बघा. ११ एप्रिलचा फुकुशिमा किनाऱ्याजवळचा भूकंप वरच्या प्लेटमधला, उथळ, नॉर्मल विभंगाचा (खडक ताणला जाऊन तुटल्याचा). गर्तेच्या पूर्वेला प्लेट वाकते तिथलेही वेगळे. १९३३ चा सानरिकूचा मोठा भूकंप तसाच.

६० किमीपर्यंत ग्लोबल सीएमटी या सूचीतली फोकल मेकॅनिझम्स (खडक कोणत्या प्रतलावर, कसा सरकला याच्या नोंदी) जोडा आणि तेवढेच थ्रस्ट (दाबामुळे एक बाजू दुसरीवर चढलेले) भूकंप ठेवा ज्यांचं एक प्रतल गर्तेच्या नतिलंबाशी (गर्ता ज्या दिशेने पसरली आहे तिच्याशी) ३० अंशांच्या आत जुळते आणि ३५ अंशांहून कमी कलते. नुसतं ‘थ्रस्ट आहे’ एवढं पुरत नाही. ७ एप्रिल २०११ चा मियागीचा ७.१ थ्रस्टच होता, पण माथ्यावर नव्हे, प्लेटच्या आत. ६० किमीच्या खाली ही चाळणी लावू नका. तिथले सगळेच भूकंप प्लेटच्या पोटातले असतात.

मग २०-२० किमीचे टप्पे पाडा आणि प्रत्येकात वरच्या कडेजवळची खोली घ्या. अगदी सर्वांत उथळ बिंदू घेऊ नका, तो बहुधा चुकीचा बसलेला असतो. वरून दहाव्या शतमकाची खोली बरी. गर्तेवरचं टोक समुद्रतळाच्या खोलीला, सात-आठ किमीला, बांधून टाका. तेवढ्याने तुमची रेषा जागेवर येईल.

नतिलंब
चाळून पाहिलं. गर्तेजवळ आता ५-६ अंश, किनाऱ्याखालून पुढे ३० च्या आसपास. बरोबर आलं हे तपासायचं कसं? स्लॅब२ (खाली शिरणाऱ्या प्लेटांच्या आकारांचं जागतिक प्रारूप) शी ताडून?

छेदकार
स्लॅब२ शी ताडा, पण तो स्वतंत्र पुरावा नाही, कारण त्यातही बऱ्याच अंशी याच सूच्या आहेत. आधी ज्वालामुखींची रांग छेदावर टाका: इवाते, झाओ, अझुमा. त्यांच्याखाली माथा साधारण १०० किमीवर यायला हवा. ७० किंवा १४० आला तर छेदाचा शून्य किंवा दिशा चुकली आहे. रिसीव्हर फंक्शन (केंद्राखालच्या सीमांवर रूप बदलणाऱ्या लहरींवरून त्या सीमांची खोली काढायची पद्धत) उपलब्ध असतील तर त्यांचा पडताळा खरा. त्या लहरी माथ्याच्या सीमेवर रूपांतरित होतात, भूकंप कुठे झाला यावर अवलंबून नसतात.

पीपी_वाचक
एक राहिलं. प्लेट आजूबाजूच्या प्रावरणापेक्षा थंड, म्हणून तिच्यातून लहरी वेगाने वर येतात. एकमितीय वेगप्रारूपाला (ज्यात लहरींचा वेग फक्त खोलीनुसार बदलतो) हे माहीत नसतं, आणि नाभी पद्धतशीरपणे एकाच बाजूला सरकतात. हायपोडीडी या प्रोग्रामने शेजारच्या भूकंपांच्या वेळांतला फरक वापरून पट्टा बारीक करता येतो, पण अख्खा पट्टा सरकलेला असेल तर ते सरकणं तसंच राहतं. पट्टा बारीक दिसला म्हणून जागा अचूक झाली असं धरू नका.

आणि रेषा पुढे खोल न्यायची असेल तर रिकाम्या जागेत ती तोडू नका. २८ जून २००२ चा ७.३ चा भूकंप चीन, रशिया आणि उत्तर कोरियाच्या सीमेजवळ ५६६ किमी खोल झाला, तो याच प्लेटमधला. मध्ये भूकंप विरळ असले तरी टोमोग्राफीत (लहरींच्या वेगांवरून काढलेल्या पृथ्वीच्या पोटातल्या चित्रात) प्लेट सलग दिसते. तेवढ्या भागात रेषा तुटक काढा.