ट्यूबलाइटचा प्लाझ्मा अँटेना: करंट बदलला तरी वारंवारता हलत नाही, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार,

एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहायला परळला. आमच्या चाळीत वर अँटेना उभा करायला परवानगी नाही, म्हणून खोलीत मावेल असं काहीतरी शोधत होते आणि त्यातूनच हा प्रकल्प निघाला. धातूच्या काडीऐवजी ट्यूबमधला पेटलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, वापरायचा. काडी दुसऱ्या वारंवारतेला जुळवायची तर ती कापावी लागते. प्लाझ्मात करंट वाढवला की इलेक्ट्रॉनची घनता वाढते आणि त्याच नळीचा अनुनाद (ज्या वारंवारतेला अँटेना सगळ्यात चांगला जुळतो ती जागा) वर सरकतो, असं वाचलंय. शिवाय ट्यूब विझवली की अँटेनाच राहत नाही, नुसती काच उरते. या गोष्टीनेच मला वेड लावलं. कल्पना जुनी आहे; आयनीभूत हवेचा एरियल म्हणून हेटिंगर यांना १९१९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं होतं. आपल्याकडे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही यावर काम झालेलं आहे.

बाबा वायरमन आहेत. चाळीत सगळ्यांनी एलईडी पट्ट्या लावल्या तेव्हा उतरवलेल्या जुन्या ट्यूब त्यांनी माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. त्यातली दोन फुटी, १८ वॉटची घेतली. पत्र्याच्या मोठ्या ताटावर ती उभी केली आणि खालच्या टोकाशी काचेवर तीन सेंटिमीटर रुंद तांब्याची चिकटपट्टी गुंडाळली. कोअॅक्सची मधली तार पट्टीला, जाळी ताटाला. म्हणजे सिग्नल काचेतून कपॅसिटरसारखा आत-बाहेर होतो. रिसीव्हर म्हणून आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावून रेडिओ ऐकायचं आणि सिग्नलचा आलेख बघायचं छोटं उपकरण). फक्त ऐकते, काहीही प्रक्षेपित करत नाही.

पहिल्या दिवशी साध्या चोकवर पेटवली. १०७.१ वरचं एफएम रेनबो ट्यूब बंद असताना खरखरत होतं, पेटल्याबरोबर वर आलं. आई स्वयंपाक सोडून बघायला आली. पण त्यात जाड घरघर होती. ५० हर्ट्झच्या विजेवर करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्याच्याबरोबर प्लाझ्मा पातळ होतो, हे नंतर लक्षात आलं. इलेक्ट्रॉनिक चोक लावला तर घरघर गेली, पण स्टेशनच्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा उगवल्या. शेवटी डीसीवर आले. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कपॅसिटर आणि करंट आवरायला सिरीजमध्ये पिवळा बल्ब. ४० वॉटचा बल्ब लावला की ०.१८ अँपिअर, ६० चा लावला की ०.२७. (हे सगळं बाबा समोर असतानाच करते.) आवाज आता स्वच्छ येतो.

अडचण इथे आहे. नॅनोव्हीएनएवर (अँटेना कुठे जुळतो ते मोजणारं छोटं यंत्र) १२८ मेगाहर्ट्झपाशी आलेखात खड्डा दिसतो, म्हणजे अनुनाद तिथे आहे. करंट दीडपट केला की खड्डा जरा खोल होतो, पण जागचा तसूभर हलत नाही. मग जुळवण्याजोगा अँटेना कसला? दुसरं, आठवडाभर डीसीवर चालवल्यावर ट्यूबचं एक टोक मंद दिसायला लागलंय. गॅस गेला का? पंधरा दिवसांत सादरीकरण आहे, जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद १:
ताई, मंद टोकाचं आधी सांगतो. गॅस गेलेला नाही. डीसीवर पाऱ्याचे आयन सतत कॅथोडकडे ओढले जातात, म्हणून अॅनोडच्या बाजूला पारा कमी पडतो आणि उजेड उतरतो. रोज टोकांची अदलाबदल करा, हळूहळू सुधारेल. ट्यूब फुटली तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबा, झाडूने पारा पसरवू नका.

आता खड्डा. वरच्या टोकाच्या फिलामेंटची वायर खाली कुठून आणली आहे? ट्यूबला लागूनच ना? ट्यूब विझवा, वायरी तशाच ठेवा आणि पुन्हा मोजा.

धागाकर्ती:
दादा, आत्ताच मोजलं. ट्यूब बंद, तरी खड्डा १२८ लाच आहे, फक्त उथळ झालाय. वायर ट्यूबला चिकटपट्टीने बांधून खाली आणली आहे. म्हणजे इतके दिवस मी त्या वायरीचाच अँटेना मोजत होते का?

प्रतिसाद १:
बराचसा, हो. तुमचं एफएम सुधारलं ते प्लाझ्मामुळेच, पण अनुनाद ठरवतेय ती वायर. या प्रयोगात बहुतेक सगळे इथेच अडकतात. सरळ ट्यूब सोडा, यू आकाराची चार पिनांची पीएल घ्या. तिची दोन्ही टोकं खालीच असतात, त्यामुळे वर धातू जातच नाही. खालच्या वायरींवर फेराइटचे (रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) मणी घाला, म्हणजे त्या अँटेना बनणार नाहीत.

दुसरं म्हणजे अपेक्षा बेताची ठेवा. अशा ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनची घनता घनमीटरला १०^१७ च्या आसपास असते. तिच्या वर्गमुळाला ९ ने गुणलं की प्लाझ्मा वारंवारता मिळते, सुमारे २.८ गिगाहर्ट्झ. तुम्ही तिच्या खूप खाली आहात, म्हणून प्लाझ्मा वाहकासारखा वागतो. पण वाहक कसला, तर समुद्राच्या पाण्याच्या तोडीचा. १८ वॉटच्या ट्यूबवर ठरलेल्या करंटला साधारण ५७ व्होल्ट आणि ०.३७ अँपिअर असतात, म्हणजे दीडशे ओहम. तुमच्या कमी करंटला रोध आणखी जास्त. पाव तरंगलांबीच्या काडीचा उत्सर्जन रोध (लहरींच्या रूपात बाहेर जाणाऱ्या शक्तीचा हिशेब) मात्र ३६ ओहमच्या घरात. तेव्हा बरीच शक्ती उष्णतेत जाणारच. ऐकण्यापुरतं चालतं, कारण मुंबईत एफएमच्या आसपास बाहेरचाच गोंगाट इतका असतो की हे नुकसान त्यात बुडून जातं.

प्रतिसाद २:
लहान आकाराबद्दल एक. नुसत्या प्लाझ्माने छोट्या अँटेनाची मर्यादा मोडत नाही. अँटेना जितका लहान तितकी त्याची बँडविड्थ (वारंवारतांचा पट्टा) अरुंद, हे चू यांनी १९४८ मध्ये मांडलेलं गणित इथेही लागू आहे. आखूड काडीभोवती प्लाझ्माचं आवरण घातलं तर लहान आकारातही अनुनाद मिळतो. प्लाझ्माच्या भरीव गोळ्याचा अनुनाद प्लाझ्मा वारंवारतेच्या १/√३ पट येतो, म्हणजे घनतेने थेट सरकतो. सादरीकरणात हे एका पानात दाखवलंत तरी पुरे.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. विझवलेल्या ट्यूबचा आलेखही सादरीकरणात घालणार आहे, सरांनी विचारण्याआधीच. बाबा म्हणाले, पीएल लॅम्प आता कमीच विकले जातात, पण लॅमिंग्टन रोडला दोन दुकानांत विचारून बघू. आज साडेपाचला ते सुटले की ग्रँट रोड स्टेशनला भेटतोय. होल्डर वेगळा घ्यावा लागतो की पिनांवर क्लिप लावून चालेल?

प्रतिसाद १:
होल्डरच घ्या. सुरुवातीचा झटका काही शे व्होल्टचा असतो, क्लिपा सरकतात. आणि आधी ४० चा बल्ब लावूनच पेटवा.