मदत हवी आहे: हाताने केलेलं लग्न, मधुचंद्र आणि रोजची कामं – काय ठेवू, काय सोडू? (पुणे)

शाईचे_डाग

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं लग्न आहे. पुण्यातच, पेठेतल्या एका जुन्या छोट्या कार्यालयात, गोरज मुहूर्तावर. दोन्हीकडची मिळून दीडशे माणसं. दोघांच्याही डोक्यात एकच खूळ आहे: जे हाताने करता येईल ते विकत आणायचं नाही. तो सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो, मी चित्रं काढते आणि वह्या शिवते. आईच्या मते आम्ही दोघं मिळून कार्याचा विचका करणार आहोत.

अडचण अशी की रोजची कामं थांबत नाहीत. दिवाळी अंकांची चित्रं आत्ता टेबलावर आहेत, ती गणपती बसायच्या आत द्यायचीत. मग कंदिलांच्या ऑर्डरी. दिवाळी सरली की नव्या वर्षाच्या डायऱ्या, म्हणजे माझ्या कमाईचे आठवडे नेमके लग्नाच्या तोंडावर. शिवाय रोज रात्री झोपण्याआधी मी चित्राचं एक पान भरते. ते कुणाला दाखवायचं नसतं, त्याचे पैसे मिळत नाहीत, पण तेच मला मोडायचं नाहीये. आणि केळवणं! नोव्हेंबरातले सगळे शनिवार-रविवार मावश्या-आत्यांनी आत्ताच वाटून घेतलेत. पुरणपोळ्या चापून घरी आल्यावर लिनो (छपाईचा ठसा कोरायचा मऊ पत्रा) कापायला हात उचलत नाही.

आता एकेक सांगते.

पत्रिका लिनो कापून छापायची आहे. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला घ्यायचा विचार आहे (1940 सालची संस्था, सुती चिंध्यांपासून कागद करतात; तिथल्या कागदाला हात लावला की दुसरा नकोसा होतो). नमुना छापून पाहिला. शाई तेलाची आहे आणि या श्रावणातल्या हवेत ती वाळायचं नाव घेत नाही. दोरीवर टांगली, पंखा लावला, तरी अंगठ्याला लागतेच.

अंतरपाट हा माझा खरा जीव. माझ्या आजीची जांभळी नऊवारी आणि त्याच्या आजीचं हिरवं इरकल, दोन्हींचे तुकडे जोडून करायचाय. आजीची नऊवारी रेशमी आहे, घडीवर विरलीये. सुई टोचली की धागे बाजूला सरकतात आणि बारीक फट दिसते. काठ मात्र अजून खणखणीत, आणि तेच जड.

मुंडावळ्या मोत्यांच्या, मी ओवणार. मंगलाष्टकं आत्या लिहिणार म्हणतेय. चौरंग तो करतोय, सागवानाचे तुकडे जमवून. रुखवत आईच्या ताब्यात आहे, त्यात मी तोंड घालत नाही. धान्याची सप्तपदी आणि सुपारीचे नवरा-नवरी कालच सुरू झालेत. परतभेट म्हणून झेंडूच्या रंगात रंगवलेले सुती रुमाल द्यावेत असं वाटतं. हार आणि स्टेजची फुलंही आपणच बांधावीत असा एक विचार आहे, त्यावर घरात दोन तट पडलेत.

मधुचंद्राचंही तसंच. त्याला कच्छला जायचंय, अजरखपूरला ठशांचं काम बघायला. मला सावंतवाडी आणि पिंगुळी खुणावतेय. सासूबाई म्हणाल्या, "तिथे जाऊनही रंगच कालवणार असाल तर घरीच बसा की."

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा: यातलं काय हाताने करण्यासारखं आहे आणि काय नुसती हौस? डायऱ्यांच्या ऑर्डरी यंदा बंद ठेवाव्यात का? आणि कच्छ की कोकण?

---

पेठेतला_काका

अभिनंदन. एकच सांगतो. मोती, रेशीम, लेस, डबे, पिशव्या जे काय रविवार पेठेतून, बोहरी आळीतून आणायचंय ते या आठवड्यात आणा. गणपती बसले की रस्ते बंद, आणि गणपती उठले की दिवाळीची गर्दी. तुळशीबागेत तर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. नंतर "काका, मोती मिळाले नाहीत" म्हणायचं नाही.

---

खडूफळा

शाईबद्दल. तेलाची शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, नुसती पाण्यासारखी उडून जात नाही. दमट, गार हवेत ते काम रेंगाळतं. तुमचं काही चुकत नाहीये, महिना चुकतोय. लिनो आत्ता कापून ठेवा आणि छपाई ऑक्टोबर हीटमध्ये करा. डिसेंबरच्या लग्नाला दिवाळीच्या आधी पत्रिका हातात आल्या की झालं. रोलरवर शाईचा थर पातळ ठेवा. हातकागद खडबडीत असतो म्हणून आपण शाई जास्त ओततो आणि तिथेच फसतो. त्यापेक्षा कागद हलका ओलसर करून दाबलात तर पातळ थरही नीट उतरतो.

दुसरं, मजकूर लिनोत कापू नका. उलट्या वेलांट्या, उलटे रफार, त्यात दोन्ही घरच्या आजोबांची नावं! एक मात्रा तुटली तर सगळा ठोकळा गेला. लिनोत फक्त चित्र घ्या. मजकूर स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून करून घ्या, पेठांमध्ये अजून आहेत. एकाच रंगात केलं तर स्वस्तही पडतं.

तिसरं, वजन. टपालाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो. 250 जीएसएमचा (चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणारा) ए-4 कागद दुमडून पत्रिका केलीत तर कागदच साडेपंधरा ग्रॅम, वर पाकीट, की गेलात पुढच्या टप्प्यात. त्याच कागदाचं ए-5चं एकेरी पान पावणेआठ-आठ ग्रॅम भरतं, पाकिटासकट आरामात बसेल. म्हणजे मजकूर कमी ठेवा. "आमच्या येथे श्रीकृपेकरून" पासून "लहानग्यांची किलबिल" पर्यंत सगळं घालायचं असेल तर मग माझा सल्ला विसरा.

---

गोधडीवाली

अगं, जुनं रेशीम आणि नवं काही जोडताना आधी जुन्याला आधार दे. विरलेल्या भागामागे मऊ मलमल लाव आणि दोन्ही मिळून एकच कापड समज. मलमल आधी धुऊन आटवून घे, नाहीतर नंतर सुरकुत्या पडतील. टाके बारीक धावदोऱ्याचे, बारीक सुईने, सुती दोऱ्याने. जाड रेशमी दोरा जुन्या कापडाला कापत जातो. मशीनवर मुळीच घालू नकोस.

काठ जड आहेत म्हणतेस ना, मग ते आडवे वर लावू नकोस, सगळा भार विरलेल्या अंगावर येईल. खाली लाव, म्हणजे अंतरपाट आपसूक ताठ राहील. वरच्या कडेला नळीसारखी दुमड ठेवून त्यात काठी घाल. होणाऱ्या नवऱ्याला सांग, सागवानाचं काय घेऊन बसलास, एक हलकी गोल काठी तासून दे. मंगलाष्टकं लांबली की धरणाऱ्या मामांचे हात भरून येतात, अंतरपाट मध्येच लोंबतो आणि फोटोत नवरा-नवरी एकमेकांकडे आधीच बघताना दिसतात.

आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढू देऊ नकोस, तेलकट डाग कायमचा. लाल दोऱ्याने भरून ठेव.

---

शाईचे_डाग

@गोधडीवाली ताई, काठ खाली लावायचं डोक्यातच आलं नव्हतं! काठीचं सांगितलं, लगेच लाकूड शोधायला उठला.

@खडूफळा, "लहानग्यांची किलबिल" सासरकडून सक्तीचं आहे. बघते काय करता येतं.

---

गणमात्रा

आत्याबाईंना सांगा: मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असतं. ओळीत 19 अक्षरं, म स ज स त त ग असे गण, बाराव्या अक्षरावर यती (म्हणताना घ्यायचा थांबा). ही चाल सगळ्यांच्या कानात बसलेली असते, त्यामुळे एक अक्षर कमी-जास्त झालं की म्हणणाऱ्याची जीभ अडखळते आणि मांडवभर कळतं. हल्ली लोक नावं कोंबायला जातात, मग "सौभाग्यकांक्षिणी"ची पार मोडतोड होते. चार कडवी पुरेत. लिहून झालं की मोठ्याने म्हणून बघायला सांगा, गुरुजींसोबत एकदा.

---

दोन_दिवे

मी स्वतः असं लग्न केलंय, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्या यादीला मी एकच चाळणी लावली होती. जे आधी करून कपाटात ठेवता येतं ते आपण करायचं. जे आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी करावं लागतं ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, पैसे देऊन. अंतरपाट, मुंडावळ्या, पत्रिका, चौरंग, अक्षतांच्या कागदी पुड्या, सगळं कपाटातलं. फुलं, रांगोळी, जेवण, पानसुपारी हे सगळं दुसऱ्याचं. लग्नाच्या पहाटे मार्केट यार्डात फुलं निवडत उभं राहायला छान वाटेल असं आत्ता वाटतं. हळद लागलेल्या हातांनी शेवंती ओवायला बसलात की कळेल. फुलवाल्याला फक्त रंग सांगा. आणि डिसेंबरात मोगऱ्याचा हट्ट नको, तो उन्हाळ्यातला. थंडीत शेवंती आणि निशिगंध भरपूर मिळतात.

कार्यालयाला आत्ताच विचारा की भिंतीला खिळा, टेप चालतो का आणि सजावटवाला त्यांचाच घ्यावा लागतो का. आमच्या कार्यालयाने हे आदल्या दिवशी सांगितलं. मग आमची दोऱ्याची तोरणं खुर्च्यांना बांधली.

रुमालांबद्दल माझं मत: सोडा. सुती कापडावर झेंडूचा रंग थेट बसत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवा, वाळवा, मग तुरटीत, मग रंगात. दीडशे रुमालांना हे करायचं तर गच्ची, बादल्या आणि रिकामा आठवडा पाहिजे. हळदीने सोपं होईल असं कुणी सांगेल, ऐकू नका, उन्हात हळदीचा रंग उडतो. फारच जीव अडकला असेल तर फक्त दोन्ही घरच्या आज्या-आयांसाठी करा. बाकीच्यांना तुमच्याच छोट्या शिवलेल्या वह्या द्या, तुमचा हात त्यावर बसलेलाच आहे.

डायऱ्या बंद ठेवू नका. गिऱ्हाईक एका वर्षात दुसरीकडे जातं. ऑर्डरी घ्यायची शेवटची तारीख दसरा ठेवा, एकच आकार, एकच मुखपृष्ठ, आणि माल तुळशीच्या लग्नाच्या आत घराबाहेर. रोजचं पान मात्र ठेवाच. फक्त लग्नाच्या कामाचं रेखाटन त्यात घुसू देऊ नका, तेवढी एकच जागा दिवसात अशी राहील जिथे पत्रिका नसेल.

---

कुडाळकर

पिंगुळी म्हणजे आमच्या अंगणातली गोष्ट, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. डिसेंबरात कोकणच. त्रिपुरी पौर्णिमा झाली की सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर दशावतार चालतो. राजाचा मुकुट आणि शंकासुर जवळून बघायचा असेल तर नाटकाआधी रंगपटात डोकवा, कुणी नको म्हणत नाही, फक्त आधी विचारा.

पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायच्या गोष्टी), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, तिन्ही एकाच ठिकाणी पाहायला मिळतील. ठाकर आदिवासी कलांगण तिथेच. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) रंगवणारे बसलेले दिसतात. गोल पानं, दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी 12, म्हणजे 120. एक संच विकत घ्या, वर्षभर रोजच्या पानाला विषय पुरेल. लाकडी फळं आणि खेळणी चितार आळीत.

पुण्याहून गाडीने कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असे उतरा. आंबोलीचा घाट अंधार पडायच्या आत उतरायचा. सासूबाईंना सांगा, रंग कालवणारे दुसरे असतील, तुम्ही फक्त सोलकढी पिणार.

---

भटकी_सुई

कच्छवाल्या नवरोबांची बाजूही कुणीतरी मांडा! अजरखपूर 2001च्या भूकंपानंतर वसलं, धमडक्याचे खत्री कारागीर तिथे आले. धुणं, हिरडा, ठसे, नीळ, मंजिष्ठा, परत धुणं, एकेका कापडाला दिवसच्या दिवस लागतात. ते नीट बघायचं तर घाई नको. पण डिसेंबरात रणोत्सवाची गर्दी, राहायचे दर चढलेले, आणि तुम्ही दोघं लग्नाने दमलेले. फेब्रुवारीत जा. तोवर त्याचं सुतारकाम आणि तुझ्या डायऱ्या दोन्ही आटोपलेलं असेल.

---

पेठेतला_काका

एक राहिलं. लग्न झाल्यावर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी करायची. 1998च्या कायद्याप्रमाणे 90 दिवसांच्या आत. कागदपत्रांत लग्नपत्रिका मागतात, गुरुजींची सही लागते आणि तीन साक्षीदार. तेव्हा तुमच्या त्या कलात्मक पत्रिकेवर दोघांची पूर्ण नावं, तारीख आणि स्थळ स्पष्ट असू द्या. नुसतं "चिऊ आणि काऊचं घरटं" छापलंत तर खिडकीतला माणूस परत पाठवेल. दोन-तीन कोऱ्या पत्रिका बाजूला काढून ठेवा.

---

शाईचे_डाग

सगळ्यांचे आभार. चाळणी लावून पाहिली. हार आणि फुलं गेली, रुमाल आज्या-आयांपुरते राहिले, अंतरपाट, मुंडावळ्या आणि पत्रिका माझ्याकडे, चौरंग त्याच्याकडे. पत्रिकेवर पूर्ण नावं येणार; किलबिल पाकिटाच्या मागच्या बाजूला ढकललीये, सासरी अजून कळलेलं नाही. डायऱ्यांना दसऱ्याची तारीख आजच जाहीर केली. कोकण ठरलं, कच्छ फेब्रुवारीत, यावर तो "बघू" म्हणालाय, म्हणजे मान्य आहे.

आत्याने गण मोजायला घेतलेत आणि घरात सगळ्यांना 19 बोटं कमी पडतायत.

एक शेवटचा प्रश्न: हातकागद संस्थेत 250 जीएसएमचा पांढरट, फार खडबडीत नसलेला कागद अलीकडे कुणी घेतलाय का? ए-5ला कापून देतात की ते आपलं आपण करायचं? गणपतीच्या आत जाऊन यायचंय.

---

खडूफळा

कापून मिळाला तरी घेऊ नका. मोठा तावच घ्या आणि पट्टी ठेवून, कड ओली करून हाताने फाडा. हातकागदाची सगळी शान त्या फाटक्या कडेत असते.